गतिरोधकाचे माप

नोकरीनिमित्त कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने गाडीला बॉडी किट बसविले. बंपरखालची पट्टी आणि दारांखालचे स्कर्ट आता गतिरोधकांवर घासतात. "मामा, हे उंचवटे काढायला कोणाकडे अर्ज करायचा, सांगा," असे तो म्हणाला.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत गोलाकार गतिरोधकाचे माप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असे दिले आहे. पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २.६ मीटर असेल, तर या कमानीवर गाडीच्या पोटाखाली उंचवटा येतो तो जेमतेम ५ सेंटिमीटरचा. तेवढ्याच उंचीचा बांध हातभर रुंदीत घातला, की तोच पूर्ण १० सेंटिमीटर होतो. म्हणजे दोष उंचीचा नसून अपुऱ्या रुंदीचा असतो.

चालकाने वेग आधीच कमी करून चढण्यापूर्वी ब्रेक सोडावा, कारण ब्रेक दाबला असता गाडीचे नाक खाली झुकते. रस्ता मोकळा असल्यास किंचित तिरपे जावे.

गतिरोधक काढण्याचा अर्ज मात्र मी करू दिला नाही. रस्ता ओलांडणाऱ्या मुलांचे आणि वृद्धांचे संरक्षण बंपरच्या रंगाहून मोलाचे आहे. टेपने मोजलेली रुंदी व उंची लिहून दुरुस्ती मागावी. मापाशिवाय आलेली तक्रार शासनदरबारी केवळ मत ठरते. मापासह आलेल्या तक्रारीला उत्तर द्यावे लागते.