विवेचक

गणितातील काही संज्ञा इतक्या समर्पक असतात की, त्या योजणाऱ्याच्या भाषाज्ञानाचे कौतुक वाटते. वर्गसमीकरणातील ‘ब² − ४अक’ या राशीस आपण ‘विवेचक’ म्हणतो. सिल्व्हेस्टर या आंग्ल गणितज्ञाने १८५१ साली रूढ केलेल्या संज्ञेचा हा प्रतिशब्द. मूळ संज्ञेत नुसता भेद ओळखणे आहे. आपल्या शब्दात विवेकही डोकावतो.

समजा, आपणांजवळ ४० हात कुंपण आहे व त्यात ९६ चौरस हातांची आयताकृती बाग करावयाची आहे. लांबी-रुंदीची बेरीज २०, गुणाकार ९६. विवेचक ४०० − ३८४, म्हणजे १६. त्याचे वर्गमूळ ४ हेच दोन बाजूंमधील अंतर; बाजू १२ व ८. बाग १०० चौरस हातांची मागा. विवेचक शून्य होतो, दोन्ही उत्तरे एकरूप होतात, बाग चौरस होते. पण १०१ मागताच विवेचक उणे ४! आता आयत कसाही आखा, इतके कुंपण पुरणार नाही. आणि हे समीकरण सोडविण्याचे श्रम करण्यापूर्वीच कळते.

सूत्रातील तो ‘४’ श्रीधराचार्यांच्या रीतीतला: वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंस गुणावे. त्यांचे बीजगणित लुप्त झाले. रीत भास्कराचार्यांनी जपली. ११५० च्या सुमारास त्यांनी स्पष्ट सांगितले की, ऋण संख्येस वर्गमूळ नाही, कारण ती कशाचा वर्गच नव्हे. पुढे १५४५ साली इटलीत कार्दानोने १० चे असे दोन भाग मागितले की, त्यांचा गुणाकार ४० यावा. विवेचक उणे ६०. तरीही त्याने उत्तर लिहिले आणि वर ते निरुपयोगीही ठरविले! त्याच जातीच्या संमिश्र संख्यांवाचून आज प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाचे गणित मांडणे जड जाते.

मग खरे कोणाचे? मला वाटते, दोघांचेही. बागेपुरता नकार पक्का आहे; मात्र तो बागेपुरताच आहे.

स्पर्धापरीक्षांत दोन-तीनदा अपयश आलेली मुले कधी कधी मजकडे येतात आणि विचारतात, “सर, आणखी एक वर्ष द्यावे काय?” घरी वडील निवृत्तीला आलेले असतात. अशा वेळी एखादा विवेचक हाती असता तर, असे मनात येते. पण समीकरणात अ, ब, क हे तिन्ही सहगुणक आधीच दिलेले असतात. माणसाच्या आयुष्यात ते कोणी लिहून देत नाही. म्हणून मी ‘होईल’ म्हणत नाही, ‘होणार नाही’ असेही म्हणत नाही. कुंपण किती उरले आहे, एवढेच त्यांस मोजावयास सांगतो. आणि या बागेत उत्तर नसलेच, तर ते कोठेच नाही असे समजू नये, हेही सांगतो.

यातली पहिली गोष्ट त्यांना आवडत नाही. दुसरीवर ती मुले थोडा वेळ गप्प बसतात.