तंजावरची गोधडी

तंजावरला थंडी अशी नाहीच. मार्गशीर्ष-पौषातल्या पहाटेही पारा विसाच्या खाली क्वचितच उतरतो. तरीही जुन्या वीथींतल्या एखाद्या देशस्थ घरात दुपारच्या वेळी वृद्धा जमिनीवर लुगडी पसरून गोधडी शिवायला बसते, तेव्हा तिच्या उद्योगाचे कारण हवामानात शोधून भागत नाही. देशावर गोधडी पांघरतात. इथे ती मुख्यतः अंथरायची. खाली कोरै गवताची चटई, वर गोधडी आणि तिच्यावर तान्हे मूल. ईशान्य मोसमी पावसाने भिंतींना, फरशीला ओल आली, की म्हाताऱ्यांच्या पाठीलाही तिचाच आधार.

कापड मात्र जुनेच हवे. नव्या सुताची खळ पुष्कळ धुण्यांनंतर जाते आणि तान्ह्याच्या अंगाला ते मऊपण लागते. शिवाय नव्या वस्त्राने दृष्ट लागते, ही समजूत आहेच. एका नऊवारी लुगड्यात पुरते चार थर निघतात. मध्ये विरलेली धोतरे, पंचे, मदुरेच्या सुंगुडीचे उरलेले तुकडे. कुंभकोण-तिरुभुवनमच्या मागांवरचे रेशीम लग्नात कितीही मिरवो, गोधडीत त्याला जागा नाही. थर सारखे करून कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, डबा असे जे हाती येईल ते ठेवायचे आणि काठापासून धावदोरा घालीत, चौकोनात चौकोन करीत, मध्यापर्यंत यायचे. काठ आधी पक्का झाला की आतले थर सरकत नाहीत.

तंजावरच्या मराठीचे अभ्यासक साहजिकच कागदाकडे आणि दगडाकडे वळतात. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे इथे आले. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरले गेले. सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली 'बालबोधमुक्तावली' निघाली. सरस्वती महालात मोडीचे दप्तर आहे. १८५५ मध्ये पुरुष वारस न ठेवता राजा वारला, राज्य खालसा झाले आणि दरबारी लेखन आटले. घरातले बोलणे आटले नाही. आज ते बोलणाऱ्यांपैकी अनेकांना देवनागरी वाचता येत नाही, कारण शाळा तमिळ किंवा इंग्रजी. टाका, ठिगळ, अस्तर, उसवण हे शब्द त्यांना पुस्तकाने दिलेले नाहीत. ते शेजारी बसून, हातातले काम पाहता पाहता मिळतात. नात सुईला 'ऊसी' म्हणून जाते. आजी ऐकते, आणि टाका वाकडा गेला तेवढे सांगते.

इथे भाषेला गोधडीची उपमा देण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. गोधडी शिवणारी तुकडा निवडते, नको तो बाजूला टाकते. बोलणाऱ्याला एवढे स्वातंत्र्य कोठले?

चेन्नईहून पुढे अमेरिकेत गेलेल्या मुली नातवंडांसाठी आता फ्लीसची पांघरुणे करतात. १९८० च्या आसपास तिकडच्या गिरण्यांतून आलेले हे पॉलिएस्टरचे लोकरट कापड कापल्यावर कडेला उसवत नाही. दोन तुकडे एकावर एक ठेवून कडा कातरायच्या आणि पट्ट्यांच्या गाठी मारायच्या. सुईचेही काम नाही. कापड हलके आहे, उबदार आहे, तिकडच्या हिवाळ्याला योग्यच आहे. ते दुकानातून येते, कोणाच्या अंगावरून येत नाही, एवढाच फरक. पण आजीच्या दृष्टीने सारी गोधडी त्या फरकातच आहे. हे आजोबांचे धोतर, हे धाकट्या जावेचे लुगडे, अशी ओळख ती बोट ठेवून करून देते, आणि ज्यांचे छायाचित्रही घरात नाही अशी माणसे त्या यादीत असतात.

या यादीला दप्तर मात्र नाही. गोधडी वापरली जाते, म्हणून झिजते. मध्ये फाटली की वर नवा थर चढतो. तोही विरला की तिचे दोन तुकडे होतात. एक पोतेऱ्याला जातो, दुसरा मागच्या ओसरीवर मांजरीसाठी. मांजर बसण्याआधी पंजांनी तो बराच वेळ मळते, नखांत दोरे ओढते. एखाद्या लुगड्याचा काठ असा सुटून बाहेर आला आणि अजून धड असला, तर आजी तो कापून घेते, धुऊन वाळवते आणि पुढच्या गोधडीसाठी गाठोड्यात ठेवते.