तुटल्यावर काय?

शिरड शहापुरात ड्रॅग रेसिंग होत नाही. त्याला सरळ, लांब पट्टी लागते. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीत अशा शर्यती विमानाच्या धावपट्टीवर झाल्या. पण लेथ, वेल्डिंग आणि ग्राइंडर इथल्या वर्कशॉपातही तेच, आणि इंजिनाची ताकद वाढवणाऱ्यापुढचा पेचही तोच. ताकद वाढली की पुढचा एखादा भाग कमी पडणारच. तो तुटून कुठे जाईल हे ठरवल्याशिवाय मॉडिफिकेशन पुरं झालं असं मी मानत नाही. शर्यतीआधीची तपासणी नेमकं हेच विचारते, म्हणून ती कारागिरीच्या आड येते हे मला पटत नाही.

जॉइंट शाफ्टचंच घ्या. गिअरबॉक्सकडचा क्रॉस, म्हणजे शाफ्टचा फिरता सांधा, तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक खाली पडून जमिनीत रुततं आणि धावती गाडी त्याच्यावर उचलली जाते. मागचा तुटला तर शाफ्ट नुसता फरफटत येतो. म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमात शाफ्टभोवतीचं कडं पुढच्या क्रॉसपासून 6 इंचांच्या आत मागितलं आहे. पट्टी 2 इंच रुंद, पाव इंच जाड, वेढा पूर्ण. तेच कडं शाफ्टच्या मधोमध बसवलं तर दिसायला झकास, पण सुटलेलं टोक धरायला निकामी. आपल्याकडे ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे जोडलेली यंत्रं फिरवणारा दांडा, मिनिटाला 540 फेरे घेतो आणि त्याच्या शाफ्टवरचं आवरण मात्र अडगळीत पडलेलं असतं. मळणी यंत्रात हात जाऊ लागले तेव्हा कुठे 1983 साली केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदा केला.

कड्याने वजन वाढतं, ही तक्रार नेहमीची. वाढतं, दीड-दोन किलो. टाकीत अडीच लिटर पेट्रोल कमी भरलं तरी तेवढं निघतं. मुरलेल्या हाताला तपासणी कशाला, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सइतका मुरलेला हात त्या खेळात दुसरा दाखवणं अवघड, आणि 1970 साली कॅलिफोर्नियात त्याच्याच गाडीचं ट्रान्समिशन फुटून त्याचं अर्धं पाऊल गेलं. त्यानंतर त्याने इंजिन चालकाच्या पाठीमागे नेलं आणि 1971 मध्ये जिंकूनही दाखवलं. सुरक्षेपायी वेग जातो म्हणणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर काय द्यायचं?

त्याच असोसिएशनचा एक नियम आपल्या कारागिरांना हमखास खुपेल: रोल केजचं, म्हणजे चालकाभोवतीच्या नळ्यांच्या पिंजऱ्याचं, वेल्डिंग ग्राइंडरने घासायचं नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक सांधा गुळगुळीत मागतं. पण घासला की सांध्याची जाडी जाते, आणि वेल्डिंग किती मुरलं, छिद्रं राहिली का, हे वरून वाचायची सोयही जाते. सीट बेल्ट दर दोन वर्षांनी प्रमाणित करून घ्यायची अट मात्र खिशाला जड आहे, हे मान्य. तरीही उन्हाने पट्ट्याची ताकद किती गेली, ते डोळ्यांना कळत नाही.

मग एवढं सगळं बसवल्यावर गाडी रस्त्यावर का नको? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ बांधणीत असे बदल करू देत नाही, हे एक. शिवाय केजची नळी हेल्मेट घातलेल्या, पट्ट्यांनी जखडलेल्या चालकासाठी असते. उघड्या डोक्याला तीच नळी साध्या धडकेतही लागेल. शर्यतीची गाडी पट्टीपर्यंत ट्रेलरवर चढवूनच न्यावी.