छातीतला संकेत

चिन्ह म्हणजे काय, हा प्रश्न भाषाविज्ञानाच्या आरंभीच आपल्यासमोर येतो. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे न्यायदर्शनातले उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. धूर आणि अग्नी यांचे नाते निसर्गाने जोडले आहे. ‘आग’ हा शब्द आणि प्रत्यक्ष आग यांचे नाते मात्र समाजाने जोडलेले आहे. फर्दिनां द सोस्यूर यांनी या दुसऱ्या नात्याला यादृच्छिक म्हटले. अलीकडे हा भेद मला आठवतो तो अंबड तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मामांच्या छातीतील यंत्रामुळे.

मामांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, डिफिब्रिलेटर बसवलेला आहे. हृदयाची लय घातक रीतीने बिघडली, तर तो विजेचा धक्का देऊन ती पूर्ववत करतो. असे यंत्र माणसाच्या शरीरात प्रथम १९८० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बसवले गेले. वॉर्सात जन्मलेल्या मिशेल मिरोव्स्की या डॉक्टरांचा त्यामागे अनेक वर्षांचा ध्यास होता. पुढे ही यंत्रे स्वतःच्या प्रकृतीविषयीही बोलू लागली. बॅटरी संपत आली किंवा हृदयापर्यंत गेलेल्या तारेत बिघाड जाणवला, की काही यंत्रे आतूनच वाजतात, काही थरथरतात. वयोमानाने कान मंद झालेल्यांना थरथरच बरी.

मामांचे यंत्र वाजू लागले ते सकाळी आठच्या सुमारास. नातवाचा मोबाइल, भिंतीवरचे घड्याळ, इन्व्हर्टर, सर्वांची झडती झाली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तोच आवाज. तिसऱ्या दिवशी चहा देताना मामी थबकल्या, वाकून कान लावला आणि म्हणाल्या, “अहो, हे तर तुमच्यातूनच वाजायलंय!” छत्रपती संभाजीनगरला तपासणी झाली. तारेला इजा झाली होती. अशी तार अकारण धक्के देऊ शकते, किंवा ऐन वेळी धक्का पोहोचवतच नाही. नवी तार बसवावी लागली. आवाजाचा अर्थ सांगणारी पुस्तिका घरात होती; इंग्रजीत होती आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत कपाटात जपून ठेवलेली होती. यंत्राने आपले काम चोख केले होते. पण ज्याला अर्थ ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने तो संकेत नव्हताच. घरातल्या आवाजांतला आणखी एक आवाज होता.

अर्थ ठाऊक असला, तरी तो अर्थ खरा असावा लागतो. २००७ साली मेडट्रॉनिक कंपनीला तुटण्याच्या तक्रारींमुळे ‘स्प्रिंट फिडेलिस’ या तारांचे वितरण थांबवावे लागले. तोवर जगभर सुमारे २ लाख ६८ हजार तारा रुग्णांच्या शरीरात बसल्या होत्या. त्यानंतर तुटीची पूर्वसूचना देणारी प्रणाली आली आणि तिने अकारण धक्के कमी केले. दुसरी एक कल्पनाही तितकीच आकर्षक होती. फुप्फुसांत पाणी साचू लागले की छातीतला विद्युतरोध घटतो. तेवढ्यावरून रुग्णाला आधीच सावध करावे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ३३५ रुग्णांच्या अभ्यासात मात्र आवाज ऐकणाऱ्या गटाचे रुग्णालयात दाखल होणे वाढले, मृत्यू कमी झाले नाहीत. विद्युतरोध घटण्याला इतरही कारणे असतात. धूर तेवढा स्पष्ट नव्हता.

सूचनेच्या भाषेचा प्रश्न मला म्हणूनच तंत्रज्ञानाइतका महत्त्वाचा वाटतो. ‘तीव्र विद्युतचुंबकीय क्षेत्र टाळावे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला मात्र ‘इंडक्शन भट्टीजवळ आणि वेल्डिंगपाशी जाऊ नका’ असेच सांगावे लागेल.

मामांसाठी सूचना मराठीत लिहायची ठरली, तेव्हा मजकूर मामींनी सांगितला आणि मी फक्त लिहून घेतला: “छातीतून पीं-पीं वाजलं, की त्याच दिवशी दवाखाना.” ‘पीं-पीं’ हा अनुकरणवाचक शब्द, सोस्यूरला असे शब्द फारसे महत्त्वाचे वाटत नसत. कागद कपाटाच्या दारावर चिकटवला आहे आणि नातवाने खाली दवाखान्याचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला आहे.