मुंगीच्या पावलांनी

बरं वाटलं की पेशंट यायचा थांबतो. बरं नाही वाटलं, तरी थांबतो. दोघांच्याही केसपेपरवर शेवटची ओळ सारखीच, आणि अलीकडे त्या ओळीशी माझं मन अडतं.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, असं आपण म्हणतो. फिजिओथेरपीत ही म्हण रोज कामाला येते. सांधा बदलल्यावर कंटाळलेल्या आजोबांना ती ऐकवली की ते पुन्हा गुडघा वाकवायला तयार होतात. म्हण धीर देते, यात शंका नाही. पण ती खरी किती?

कराड-इस्लामपूर भागात गळिताच्या हंगामात जी कंबरदुखी माझ्यासमोर येऊन बसते, ती हत्तीच्या पावलांनी आलेली नसते. उसाच्या बुडख्यात साखर जास्त, म्हणून तोड जमिनीलगत हवी. म्हणून बाई पहाटेपासून कमरेत वाकून कोयता चालवते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. वर्षानुवर्षं. हे दुखणं मुंगीच्याच पावलांनी येतं. जातं कसं, ते मला दिसत नाही. हंगाम संपला की टोळ्या बीडकडे परततात, आणि दुखणंही त्यांच्याबरोबर जातं.

हत्ती म्हटलं की मला औंधचा गजराज आठवतो. यमाईच्या औंधात त्यानं पन्नासहून अधिक वर्षं काढली. 2017 मध्ये त्याला मथुरेच्या हत्ती केंद्रात हलवलं, तेव्हा गावातल्या अनेकांचा विरोध होता. जीव लावला होता त्यांनी. त्याचं मुख्य दुखणं पायांचं होतं. तळवे झिजलेले, गळवं झालेली. कठीण जमिनीवर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या हत्तीचे पाय एका दिवसात बिघडत नाहीत. रोज पाहणाऱ्या, प्रेम करणाऱ्या डोळ्यांना ते किती दिसलं असेल? मला हा प्रश्न गावाला विचारायचा नाही. तो रोज पाहण्याबद्दलचा आहे, आणि मीही रोज पाहते.

औंध म्हटलं की राजेही येतातच. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचं व्रत घेतलं, संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, 1938 मध्ये लंडनहून त्यावर इंग्रजी पुस्तकही निघालं. सूर्यनमस्काराच्या आजच्या प्रसारात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या निष्ठेपुढे मी नम्र आहे. स्वतः रोज करून पाहिल्याशिवाय त्यांनी दुसऱ्याला सांगितलं नाही, आणि व्यायाम सांगणाऱ्यांत हे दुर्मीळ आहे. तरी मनात येतं, ज्या मुलांना नमस्कार झेपले नसतील, ज्यांचं मनगट किंवा पाठ दुखली असेल, त्यांचं कुणी लिहून ठेवलं का? ज्याला गुण आला तो बोलतो. ज्याला आला नाही तो हळूच मागच्या रांगेत जातो.

संशोधनाचं मोल मला इथं कळतं. साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत बरीच उतरते, उपचार कोणताही असो, कधी नसला तरीही. मग माझ्या हाताखाली उतरलेली कंबर माझ्या हातानं उतरली की आपसूक, हे दवाखान्यात बसून ठरवता येत नाही. त्यासाठी दोन गट लागतात, आणि जे यायचे थांबले त्यांचाही हिशेब लागतो. दुसरीकडे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी आठवतात. 1956 मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये त्यांचा एक पेशंट चुकून पाठ मागं वाकलेल्या अवस्थेत टेबलावर पालथा पडून राहिला, आणि त्याच्या पायातली कळ गेली. तिथं गट नव्हते, आकडे नव्हते. एक माणूस आणि त्याच्याकडे नीट पाहणारा दुसरा, एवढंच. त्यातून कंबरदुखीच्या उपचारांची एक पद्धतच उभी राहिली. मग एकाच पेशंटकडे नीट पाहणं कमी कसं म्हणू?

मागच्या हंगामात एक बाई तिसऱ्या दिवशी उठून बसली, म्हणाली, ‘मॅडम, रुपयाला आठ आणे फरक हाय.’ मी केसपेपरवर पन्नास टक्के लिहिलं. तोवर बाहेर तिच्या नवऱ्यानं बैलगाडी वळवली होती. खाडा झाला की मजुरी बुडते, वर दंड. तिला विश्रांती सांगणं माझ्या जिभेवर येईना. उरलेल्या आठ आण्यांचं काय झालं, ते मला हवं आहे. फोन करायचा तर तिच्याकडे नंबर नव्हता; टोळीच्या मुकादमाचा होता. तो घ्यावा असं अजूनही वाटतं. पण ज्यानं उचल दिली आहे, त्याच्याच फोनवर, त्याच्यासमोर, ती अजून दुखतंय म्हणून सांगेल का?