दुकानाची सुटी आणि माणसाची सुटी

रविवार हा आपल्याकडे मुळांत सुटीचा वार नव्हे. जुन्या पाठशाळांत अनध्याय पाळीत तो प्रतिपदेस, अष्टमीस आणि पौर्णिमा-अमावास्येस. सुतार-गवंडी हत्यारें खालीं ठेवीत तीं अमावास्येस. आणि खानदेशांतला शेतकरी बैलांच्या मानेवरचें जूं उतरवून त्यांस पुरणपोळी चारतो तो पोळ्यास, म्हणजे पुन्हां अमावास्येसच. आपली विश्रांति तिथीनें चाले, वारानें नव्हे. दर सात दिवसांनीं सर्वांनीं एकदम थांबावें ही रीति इंग्रजी कचेऱ्यांबरोबर आली, आणि तिच्या मुळाशीं धर्माज्ञा होती. यहुदी लोक शनिवारीं शब्बाथ पाळतात, ख्रिस्ती लोक रविवारीं. सृष्टि निर्माण करून देवानेंही सातव्या दिवशीं विसावा घेतला, मग माणसानें कां घेऊं नये, असा त्यामागील भाव.

धर्माज्ञेला राजाज्ञेची जोड मिळाली कीं दुकानाला कुलूप पडतें. इंग्लंडांत रविवारच्या व्यापाराला मनाई करणारा कायदा १६७७ सालीं झाला, व ती मनाई निरनिराळ्या रूपांनीं तीन शतकें टिकली. १९८६ सालीं ती उठविण्याचें विधेयक थॅचरबाईंच्या सरकारनें आणलें. परंतु पाठीशीं भक्कम बहुमत असतांही तें पार्लमेंटांत १४ मतांनीं पडलें. पाद्री लोकांनीं विरोध केला हें समजण्यासारखें आहे. पण दुकानांतील नोकरांची संघटनाही त्यांच्याच बाकावर बसली होती. अखेर १९९४ सालीं तडजोड झाली. लहान दुकानांना मोकळीक मिळाली, मोठ्यांना रविवारीं सहा तास उघडण्याची परवानगी मिळाली, आणि त्याच कायद्यानें रविवारीं कामास येण्याचें नाकारण्याचा हक्क नोकरालाही दिला.

पाद्री आणि नोकर एका बाकावर कसे बसले, याचा उलगडा आपल्या इतिहासांत होतो. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांना आठवड्याची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून अर्ज केले, सभा भरविल्या. महात्मा फुल्यांचे हे सहकारी ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते. १० जून १८९० रोजीं मालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचाही वार. पण मजुरांना हवा होता तो देवाच्या नांवें का होईना, पाठ टेकण्यापुरता एक दिवस. वार कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनें दुय्यम होता.

गिरणीचा भोंगा थांबला, तरी दुकानांतील माणूस उभाच राहिला. त्याच्यासाठीं मुंबई इलाख्यांत १९४८ चा दुकानें व संस्था अधिनियम आला. त्यानें रविवारची सक्ति केली नाहीं. आठवड्यांतील कोणताही एक वार ठरवा आणि त्या दिवशीं दुकान बंद ठेवा, एवढेंच तो सांगे. नोकराला सुटी द्यावयाची तर दुकानच कां बंद करावयाचें, असें पुष्कळ व्यापारी विचारीत. त्याचें उत्तर व्यवहारांतलें होतें. बंद दार निरीक्षकाला रस्त्यावरून दिसतें. आंत कोणाची पाळी चुकविली तें दिसत नाहीं. शिवाय शेजारचें दुकान उघडें असलें कीं आपलें बंद ठेवण्याचा धीर मालकाला होत नाहीं. सर्वांवर सारखी सक्ति असली म्हणजे ही भीति राहत नाहीं.

हा कायदा २०१७ सालीं रद्द झाला. त्या वर्षीं १९ डिसेंबरपासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यानें वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडें ठेवण्याची मुभा दिली. यांत वाईट कांहीं नाहीं. रावेर-यावलची केळी तोडणीस आली म्हणजे वार पाहत नाहीं, आणि भुसावळचें स्टेशन कोणत्याच दिवशीं झोपत नाहीं. नोकरी करणाऱ्या नवराबायकोला खरेदीस रविवारच सांपडतो. नव्या कायद्यानें प्रत्येक नोकराला आठवड्यांतून सलग चोवीस तासांची सुटीही दिली. मात्र ही तरतूद दहा वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांपुरती ठेवली. त्याहून लहान दुकानानें केवळ आपली नोंद कळवावयाची. २०२५ सालीं तर ही मर्यादा वीसपर्यंत नेण्यास राज्य मंत्रिमंडळानें मान्यता दिली. आतां जळगांवच्या नाहीं तर धुळ्याच्या बाजारांतून एक फेरी मारावी आणि दहा माणसें राबणारीं दुकानें किती तें मोजावें. दोघे-चौघे नोकर असलेलीं दुकानेंच अधिक. म्हणजे दाराचें कुलूप निघालें, आणि त्या कुलपाच्या आड ज्याची सुटी सुरक्षित होती तो मात्र उघड्यावर पडला.

माझा भाचा आमच्याच घरीं राहून जळगांवांतील एका कापडाच्या दुकानांत हिशेब लिहितो. दुकानांत नोकर चौघे. पूर्वीं ठरलेल्या वारीं तो एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला आईकडे जाई. सुटी त्याला अजूनही मिळते. पण कोणत्या दिवशीं, तें आदल्या रात्रीं कळतें. माझी बहीण परवां म्हणाली, “अण्णा, त्याच्या वाराला मी आधीं स्वयंपाक करून वाट पाहत असें. आतां तो दारांत उभा राहिल्यावर कणीक भिजवतें.” या एका वाक्यांत सारा प्रश्न आला. विश्रांति म्हणजे नुसते चोवीस तास नव्हेत. आपल्या माणसांना आधीं ठाऊक असलेले चोवीस तास. एकत्र कुटुंबांत तर हें विशेष खरें. दहा माणसांना दहा निरनिराळ्या दिवशीं सुटी मिळाली तर घराला एकही मिळाली नाहीं.

जुनी सक्ति परत आणावी असें मी म्हणत नाहीं. दुकान खुशाल उघडें असो. परंतु लहान दुकानांतील नोकरालाही कायद्यानें ठरलेला वार मिळावा, ही मागणी सुशिक्षितांनीं केली पाहिजे. तोंवर गिऱ्हाईक या नात्यानें आपल्याही हातीं कांहीं आहे. दुकान बंद होतांना पांच साड्या उलगडावयास सांगणें टाळतां येतें. आणि कायदा जेथें पोहोंचत नाहीं असें एक ठिकाण आपल्याच घरांत आहे. रविवारीं सर्व मंडळी घरीं असतात, पाहुणे येतात, म्हणून भांडीं घासणाऱ्या बाईंना त्या दिवशीं काम दुप्पट पडतें, आणि घरच्या सुनांनाही. त्यांचा वार कोणता, तें ठरवून भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवण्यास कोणत्याही विधेयकाची वाट पाहावी लागत नाहीं.