आप्पांची फियाट आणि हरवलेला अर्थ

जुनी गाडी सकाळी सेल्फ मारल्यावर घुंऽऽ घुंऽऽ करत कण्हायला लागली, की आपल्याकडं निदान ठरलेलं असतं : 'बॅटरी गेल्या.' आमच्या निपाणीच्या घरात या निदानापायी दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलून झाल्या, पण कण्हणं काही थांबलं नाही.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीची, स्टिअरिंगजवळ गिअर असलेली. घरात तिला पद्मिनी कुणी म्हटलंच नाही, फियाटच. चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लज, तवंदीचा घाट ओलांडून बेळगाव, एवढा तिचा मुलूख. ताईची पाठवणी तिच्यातून झाली, आजीला बेळगावच्या दवाखान्यात नेलं तेही तिच्यातूनच.

पहिल्यांदा सगळ्यांनी तिचा त्रास चेष्टेवारी नेला. आमच्या गल्लीला उतार आहे. आप्पा रात्री गाडी उताराला तोंड करून लावायचे. सकाळी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला की झालं. उतार नसेल तिथं चार पोरं गोळा करायची.

मग आप्पांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, जड उचलायचं नाही, गाडी ढकलायची तर अजिबात नाही. त्यानंतर आप्पांनी हळूहळू बाहेर जाणंच सोडलं. मी पुण्यात. फोनवर विचारलं की म्हणायचे, "मन न्हाई जायचं." खरं कारण आईनं सांगितलं :

"गडहिंग्लजला मावशीकडं जाऊया म्हटलं की नको म्हणत्यात. तिथं गाडी सुरू झाली न्हाई तर लोकांच्या पोरांस्नी ढकला म्हणायचं काय, म्हणत्यात. सहा महिनं झालं, मावशीचं तोंड बघितलं न्हाई मी."

धाकट्या भावाचं म्हणणं, विकून टाका. आप्पा त्यावर काहीच बोलायचे नाहीत, आणि ते जास्त लागायचं.

दिवाळीला गेलो तेव्हा गाडी पी.बी. रोडवरच्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनकडं नेली. घरी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, असा आपल्या भागातला माणूस. त्यांनी बॅटरीकडं बघितलंसुद्धा नाही. आधी विचारलं, "इंजिन हळू फिरतंय, का चांगलं फिरून पेटत नाही?" हळू फिरतंय म्हटल्यावर म्हणाले, "मग प्लग, पेट्रोल सोडा. हे करंटचं काम."

हेडलाईट लावून सेल्फ मारायला सांगितला. इंजिन कण्हत होतं, पण दिवे फारसे मंदावले नाहीत. बॅटरी मेलेली असती तर दिवे पार पिवळे पडले असते. म्हणजे ताकद आहे, पण स्टार्टरपर्यंत पोचत नाही. दोन-तीनदा सेल्फ मारून झाल्यावर त्यांनी आप्पांचा हात चोकच्या केबलवर ठेवला. केबल गरम! आप्पा बघतच राहिले.

कारण असं : स्टार्टरला शंभर अँपिअरच्या वर करंट लागतो. तो जातो जाड वायरीतून आणि इंजिनमधून बॉडीमार्गे बॅटरीकडं परत येतो. इंजिन आणि बॉडी जोडणारी विणलेली पट्टी, म्हणजे अर्थ वायर, आमच्या गाडीत आतून गंजली होती. मग करंट परतायला मिळेल ती वाट धरतो, चोकच्या बारीक केबलीतूनसुद्धा. पट्टीत 0.02 ओहम एवढा किरकोळ अडथळा आला, तरी शंभर अँपिअरला दोन व्होल्ट तिथंच खर्च होतात. बारातले दोन गेले की स्टार्टर रडणारच.

पट्टी बदलली, बोल्टाखालचा रंग आणि गंज घासून काढला. खर्च बॅटरीच्या दहाव्या हिश्शाएवढाही नाही. मिस्त्री हसून म्हणाले, "अर्थ आतेनरी?" समजलं का, असं कन्नडमध्ये. आप्पा लगेच, "आता आला अर्थ. दोन वर्षं न्हवताच गाडीत!"

त्या रविवारी आईला घेऊन ते गडहिंग्लजला गेले. मावशीच्या घरासमोर उतार आहे, तरी गाडी मुद्दाम सपाटीला लावली, असं आईनं फोनवर हसत सांगितलं.

तुमच्या दारात जुनी गाडी असेल तर बॅटरी घेण्याआधी एवढं बघा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटरला 12.6 च्या आसपास व्होल्ट आले तर बॅटरी भरलेली आहे, 12.2 म्हणजे निम्मी. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, सुकवा, घट्ट बसवून व्हॅसलिन लावा. मग गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थमध्ये. हे सगळं ठीक असेल तरच स्टार्टरचे ब्रश आणि बुश बघायला न्या.

निपाणी-बेळगावकडच्या कुणाच्या घरी अजून फियाट चालू असेल तर खाली फोटो टाका. आप्पांना दाखवतो.